बर्फावरून आलेली कार्यशाळा: उत्तर ऑन्टारिओतील एका फिरत्या सुतारकाम प्रशिक्षणाविषयी अभिप्राय

कॅनडाच्या उत्तर-पश्चिम ऑन्टारिओ भागातील एका फर्स्ट नेशन, म्हणजे मूलनिवासी समाजाच्या, वस्तीत घरदुरुस्तीची कामे घेणाऱ्या छोट्या कंपनीत मी साइट सुपरवायझर आहे. गावाला बारमाही रस्ता नाही. महामार्ग पिकल लेक येथे संपतो. पुढे उत्तरेला जायचे तर लहान विमान घ्यावे लागते, किंवा गोठलेली तळी आणि दलदल यांवरून दर वर्षी नव्याने आखल्या जाणाऱ्या हिवाळी रस्त्याची वाट पाहावी लागते. हा रस्ता साधारण जानेवारीअखेर उघडतो आणि मार्चच्या मध्याला बंद होतो. २०२५च्या हिवाळ्यात दक्षिणेकडील एका कॉलेजने याच रस्त्याने ट्रेलरमधली कार्यशाळा गावात आणली आणि स्थानिक तरुणांना सुतारकामाच्या पहिल्या पातळीचे प्रशिक्षण दिले. हा अभिप्राय त्या सेवेविषयी आहे. मी तेथे विद्यार्थी नव्हतो आणि शिक्षकही नव्हतो, पण तेथून बाहेर पडलेली मुले पुढे माझ्याच हाताखाली कामाला आली. त्यामुळे प्रशिक्षणाचा माल कसा निघाला हे तपासण्याची संधी मला बऱ्यापैकी मिळाली. कॉलेजचे नाव देत नाही, आणि गाव इतके लहान आहे की नाव दिले तर माणसेही ओळखू येतील, म्हणून तेही देत नाही.

खरे तर ही कार्यशाळा आदल्याच वर्षी यायची होती. तो हिवाळा इतका उबदार गेला की बर्फ जाड होईना. या भागातील ४९ फर्स्ट नेशन्सची संघटना असलेल्या निश्नावबे अस्की नेशनने हिवाळी रस्त्यांच्या दुरवस्थेपायी फेब्रुवारी २०२४ मध्ये आणीबाणी जाहीर केली, आणि रस्त्याने पिठाच्या गोण्या नि डिझेलचे टँकर येण्याचीच जेथे मारामार, तेथे जड ट्रेलरचा विचार कोणी करणे शक्यच नव्हते. वर्षभराच्या उशिराचा दोष मी कॉलेजला देत नाही. मात्र बर्फाचा भरवसा राहिलेला नाही हे कळल्यावरही करारात त्याची काहीच तरतूद केली नव्हती, याचा जाब त्यांना विचारता येईल. त्याविषयी पुढे येईलच.

आधी साधनसामग्री. ५३ फूट लांबीचा हा ट्रेलर जागेवर उभा केला की त्याच्या दोन्ही बाजू बाहेर सरकतात आणि आत बारा जणांना मोकळेपणाने काम करता येईल अशी जागा तयार होते. स्वतःचा जनरेटर, स्वतःची हीटिंग, भुसा ओढून घेणारी यंत्रणा, टेबल सॉ, मायटर सॉ, आणि प्रत्येकाला गुण्या, ओळंबा, लेव्हल नि पटाश्यांचा वेगळा संच, असा सगळा जामानिमा होता. हत्यारे नवी होती, पात्यांना धार होती आणि सुट्या भागांचा साठा पुरेसा होता. दुर्गम गावात एका तुटलेल्या पात्यासाठी आठवडाभर विमानाची वाट पाहिलेल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. बाहेर उणे ३५ अंश असताना आत अंगातले जॅकेट काढून काम करता येत होते. एक बारीकशी गोष्ट लक्षात राहिली. बाहेरचे लाकूड थेट आत आणले की त्यावर लगेच दव धरते, पेन्सिलीची खूण उमटत नाही आणि मापही फसते. म्हणून दुसऱ्या दिवशीचे लाकूड आदल्या संध्याकाळी आत आणून, खाली पट्ट्या देऊन रचून ठेवायचे, हा दंडक शिक्षकांनी पहिल्याच दिवशी घालून दिला. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट सापडायची नाही.

शिक्षक ही या सेवेची सर्वांत भक्कम बाजू होती. मुख्य शिक्षक स्वतः अनिशिनाबे या मूलनिवासी समाजाचे आणि उभा जन्म सुतारकामात घालवलेले. ते फार बोलत नसत. एकदा करून दाखवत, मग हत्यार समोरच्याच्या हातात देऊन दोन पावले मागे सरकत. या समाजात मोठ्यांचे काम निरखत शिकण्याची जी जुनी रीत आहे, तिच्याशी हे चांगले जुळले. जमिनीवर भिंतीची आखणी करताना काटकोन साधला आहे की नाही हे पाहण्यासाठी तीन-चार-पाच फुटांचा त्रिकोण कसा वापरायचा हे त्यांनी दोरी आणि खिळ्यांवर शिकवले, आणि गणिताच्या चाचणीत अडखळलेली दोन मुले तो त्रिकोण सहा-आठ-दहाचा करून मोठ्या आखणीवर आपणहून वापरू लागली.

मला सर्वाधिक भावला तो जिन्याचा धडा. सरावासाठी ट्रेलरमध्ये खोटा जिना बांधण्याऐवजी शिक्षकांनी एका प्रशिक्षणार्थी मुलीच्या आजीच्या घराचा दारातला जिना निवडला. येथे आजीला कोकुम म्हणतात, आणि मराठी कानाला त्यात सोलकढीच ऐकू येते, पण ते असो. उंची ४५ इंच. सहा चढ, प्रत्येकी साडेसात इंच, म्हणजे साधारण १९० मिलिमीटर. ऑन्टारिओच्या बांधकाम नियमावलीतील २०० मिलिमीटरच्या मर्यादेत हे बसते. जुना जिनाही याच हिशेबाने बांधला होता, तरी कोकुमला त्यावरून उतरताना नेहमी ठेच लागे. मुलीने प्रत्येक पायरी मोजली तेव्हा कारण सापडले. खालची पायरी दीड इंचाने उंच होती आणि सर्वांत वरची तेवढीच बुटकी. आधीच्या मिस्त्रीने बाजूच्या तिरक्या फळ्या कापताना पायरीच्या फळीची जाडी खालून वजा केली नव्हती, त्यामुळे प्रत्येक फळी बसवल्यावर सगळा हिशेब दीड इंचाने वर सरकला. पायाला एकदा चढाची सवय झाली की एका पायरीतला फरकही तो माफ करत नाही. नव्या फळ्या कापताना मुलीने आधी दीड इंचाची खूण केली, मग करवतीला हात घातला. तो जिना आजही तेथे आहे आणि त्याच्या सहाही पायऱ्या एकसारख्या आहेत.

अभ्यासक्रमाविषयी मात्र इतके चांगले लिहिता येत नाही. पहिल्या पातळीत लाकडी सांगाडा, जमिनीची चौकट, काँक्रीटचा साचा, नकाशा वाचणे असे विषय येतात, आणि ते यायलाच हवेत. पण त्यांची मांडणी टोरांटोच्या उपनगरात नवी घरे बांधणाऱ्यासाठी केलेली आहे. येथे नवे घर क्वचित बांधले जाते आणि आहे ती घरे बुरशीने पोखरलेली आहेत. एका घरात दोन-तीन कुटुंबे राहतात. स्वयंपाक, कपडे, श्वास या सगळ्यांची वाफ आत कोंडते. हवा खेळती ठेवणारे यंत्र आवाज करते किंवा गार झोत सोडते म्हणून बंद केलेले असते. भिंतीच्या उबदार बाजूला असायला हवा तो प्लास्टिकचा थर कोठे फाटलेला असतो, तर कोठे दुरुस्ती करणाऱ्याने घातलेलाच नसतो. मग ती वाफ भिंतीत शिरते, हिवाळाभर गोठून राहते आणि वसंतात वितळून लाकूड कुजवते. हे कार्यकारण ज्याला कळले नाही, तो कुजलेला तक्ता काढून नवा ठोकतो आणि तीन वर्षांनी पुन्हा तेच काम करतो. आमच्याच कंपनीने हे केलेले आहे. शिक्षकांनी शुक्रवारच्या दुपारी एका रिकाम्या घराची भिंत उघडून हा विषय शिकवला, तो अभ्यासक्रमाबाहेर जाऊन आणि स्वतःच्या जबाबदारीवर. एखाद्या चांगल्या माणसाच्या शुक्रवारवर सेवेचा इतका मोलाचा भाग अवलंबून असावा, हे मला पटत नाही. शिवाय प्रांतिक बांधकाम नियमावली राखीव भूमीवर आपोआप लागू होत नाही. तेथे कोणते नियम पाळायचे हे बँड कौन्सिल, म्हणजे वस्तीचा कारभार पाहणारे मंडळ, ठरवते. हा मुद्दाही प्रशिक्षणार्थींना वर्गात कोणी समजावून सांगितला नाही, तो आमच्या साइटवर आल्यावर कळला.

सुरुवातीच्या गावसभेत घडलेली एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. तरुणांना हातचे कसब शिकवू, असे कॉलेजच्या प्रतिनिधीने उत्साहाने सांगितले तेव्हा मागे बसलेली वृद्ध मंडळी गप्प झाली. त्यांच्या कानाला हे शब्द जुने आहेत. १८७९च्या डेव्हिन अहवालानंतर कॅनडा सरकारने मूलनिवासी मुलांसाठी औद्योगिक शाळा काढल्या. पुढे निवासी शाळांतही अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस शेत, सुतारशाळा किंवा धोबीखाना अशी पद्धत १९५०च्या दशकापर्यंत चालली. शिक्षणाच्या नावाखाली मुलांच्या श्रमांवर शाळा चालवली जात असे आणि मुलांची भाषा नि घर तोडले जात असे. सत्य व समेट आयोगाने २०१५ मध्ये हे सगळे अधिकृतपणे नोंदवले. प्रतिनिधीला त्या शांततेचा अर्थ उमगला नसावा, शिक्षकांना उमगला. ट्रेलरच्या दाराला दिवसा कुलूप लागणार नाही, आई-वडील आणि आजी-आजोबांनी केव्हाही येऊन बसावे, असे ते उठून ओजी-क्री या येथील भाषेत बोलले. पुढे सहा आठवडे कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या कधी रिकाम्या राहिल्या नाहीत, आणि हत्यारांच्या फळीवर इंग्रजी नावांखाली त्यांच्या लिपीतली नावे उमटली ती तेथे बसणाऱ्या एका आजोबांच्या हातची.

सहा आठवडे म्हटले, आणि खरी अडचण तेथेच आहे. कॉलेजच्या आवारात आठ आठवड्यांत होणारे २४० तासांचे शिक्षण येथे सहा आठवड्यांत उरकले, कारण बर्फ सुटण्याआधी ट्रेलर परत न्यायचा होता. रोज आठ तास उभे राहून शिकणे दमवणारे होते, हे एक वेळ चालवून घेता येईल. पण हिवाळी रस्ता उघडा असतो तेच आठवडे गावासाठी वर्षातले सर्वांत धावपळीचे असतात. ट्रक घेऊन दक्षिणेला जायचे, वर्षाचे पीठ, फर्निचर, सुटे भाग आणि सिमेंट स्वस्तात आणायचे, नातेवाइकांना भेटायचे, किंवा रस्त्यावरच मजुरी करून चार पैसे गाठीला बांधायचे, हे सगळे याच दिवसांत होते. त्यात मध्येच गावात एक मृत्यू झाला, आणि येथील रिवाजाप्रमाणे दफन होईपर्यंत सगळे गाव थांबले. कॉलेजच्या हजेरीच्या नियमात या दोन्ही गोष्टींना जागा नव्हती. बारा जणांनी प्रवेश घेतला, आठ जणांनी पूर्ण केले. गळालेल्या चौघांपैकी दोघांचे हात वर्गात सर्वांत चांगले होते, असे शिक्षक मला स्वतः म्हणाले. दफनाच्या आठवड्यातली अनुपस्थिती माफ करावी म्हणून कॉलेजकडे अर्जही गेला होता. उत्तर वर्ग संपल्यावर आले.

आणि मग ट्रेलर अडकलाच. मार्चमध्ये ऊन चढले, एका ओलांडणीवर बर्फाच्या वर पाणी आले आणि जड वाहनांना रस्ता बंद झाला. शिक्षक विमानाने गेले. ट्रेलर शाळेच्या मागे उभा राहिला तो पुढच्या हिवाळ्यापर्यंत. मला यात नशिबाने दिलेली देणगी दिसली: उन्हाळ्याच्या बांधकामाच्या हंगामात गावाला आयती कार्यशाळा मिळाली होती. पण किल्ली कॉलेजकडे होती आणि विम्याच्या कारणावरून कॉलेज ती देईना. जूनपासून आम्ही त्या ट्रेलरपासून दोनशे मीटरवर, ताडपत्रीखाली, लाकडी तिवयांवर प्लायवूड ठेवून हातकरवतीने तक्ते कापत होतो. पाऊस आला की काम बंद. ज्या आठ जणांनी सहा आठवडे त्या टेबल सॉवर हात बसवला, ते रोज ट्रेलरच्या बंद दारावरून साइटवर येत. कौन्सिलने तीन पत्रे लिहिल्यावर ऑगस्टमध्ये किल्ली आली. प्रमाणपत्रधारक सुतार हजर असेल तेव्हाच ट्रेलर उघडायचा, अशी तिच्यासोबत अट होती, आणि ही अट अगदी रास्त आहे. मार्चमध्येही याच अटीवर किल्ली देता आली असती.

आता प्रशिक्षणानंतरच्या काळाविषयी. ही सेवा विकत घेऊ पाहणाऱ्या कौन्सिलांनी आणि आमच्यासारख्या कंत्राटदारांनी हा भाग सर्वांत लक्षपूर्वक वाचावा अशी माझी विनंती आहे. कॅनडातील शिकाऊ उमेदवारीचा साधारण ८० टक्के भाग कामावर होतो आणि जेमतेम २० टक्के वर्गात. ऑन्टारिओत सामान्य सुतारासाठी एकूण ७,२०० तास धरले जातात, वीजतंत्री आणि प्लंबर यांच्यासाठी ९,०००. हे तास जर्नीपर्सन म्हणजे प्रमाणपत्रधारक कारागिराच्या देखरेखीखाली व्हावे लागतात. २०१८पासून प्रांतात एका जर्नीपर्सनमागे एक शिकाऊ असे प्रमाण आहे. आमच्या साइटवर प्रमाणपत्रधारक सुतार दोनच, म्हणून आठांपैकी दोघांचीच उमेदवारी नोंदवता आली. सुतारकामाला प्रमाणपत्राची कायदेशीर सक्ती नसल्याने बाकीचे सहा जण मजूर म्हणून काम करू शकले. त्यांनी तीच भिंत उभारली, तेच खिळे ठोकले, पण त्यांचे तास मात्र कोणाच्या वहीत चढले नाहीत. वीजकाम आणि प्लंबिंग सक्तीच्या यादीत आहेत. तेथे तर नोंदणीशिवाय कामाला हातही लावता येत नाही.

नोंदणी झालेल्यांचाही हिशेब मांडून पाहावा. आमचा बाहेरील कामाचा हंगाम चांगला गेला तर सोळा आठवड्यांचा, म्हणजे आठवड्याला चाळीस तास धरून ६४० तास. त्या गतीने ७,२०० तास व्हायला अकरा वर्षे लागतील. वर्गातले तास वजा केले तरी दहा. शहरातला मुलगा हेच चार वर्षांत आटोपतो. कॉलेजच्या माहितीपत्रकावर रेड सील या देशव्यापी कारागीर मान्यतेचे लाल चिन्ह ठळक छापले आहे. त्या शिक्क्याची परीक्षा ७० टक्के गुणांनी उत्तीर्ण होता येते आणि मग देशभर कोठेही काम करता येते. पण त्या चिन्हापर्यंत जाणाऱ्या वाटेचा जो छोटासा भाग कॉलेज चालवून देते, त्यापुढे कोण सोबत येणार, हे माहितीपत्रकात कोठेही लिहिलेले नाही. परीक्षा इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्येच देता येते. ओजी-क्रीत विचार करणाऱ्याला इंग्रजीतील पर्यायी प्रश्नांचे वळण अंगवळणी पडायला वेगळी तयारी लागते, आणि तीही या सेवेत नव्हती.

दुसरी आणि तिसरी पातळी थंडर बे या दक्षिणेकडील शहरात जाऊन करावी लागते. प्रतिनिधीच्या तोंडी ही साधी बाब होती. गावातल्या आई-वडिलांसाठी ती साधी नाही. २००० ते २०११ या काळात माध्यमिक शिक्षणासाठी आपले गाव सोडून थंडर बेला गेलेल्या सात मूलनिवासी विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्याची चौकशी होऊन २०१६ मध्ये ज्युरीने १४५ शिफारशी केल्या. उमेदवारी करणारे तरुण वयाने मोठे असतात, हे खरे. तरीही राहण्याची खात्रीची जागा आणि भेटायला येणारे एखादे ओळखीचे माणूस यांची सोय कोण करणार, हा गावसभेतला प्रश्न सेवेच्या कक्षेबाहेरचा आहे असे उत्तर मिळाले. माझ्या मते तो कक्षेच्या मधोमध आहे. नोंदवलेल्या दोघांपैकी एकाने याच कारणाने दुसऱ्या पातळीचा अर्ज अजून भरलेला नाही.

हे वेगळ्या पद्धतीने होऊ शकते, याचा नमुना याच प्रदेशात आहे. वातायनिकानेयाप पॉवर हा १७ दुर्गम वस्त्यांना डिझेल जनरेटरवरून मुख्य वीजजाळ्यावर आणण्यासाठी सुमारे १,८०० किलोमीटर वाहिन्या उभारण्याचा प्रकल्प. त्यात ५१ टक्के मालकी २४ फर्स्ट नेशन्सची आहे. तेथे प्रशिक्षण आणि काम एकाच मालकाच्या डोळ्यांसमोर आखता आले. ज्या गावांत डिझेल जनरेटरची क्षमता संपल्याने नव्या घराला वीजजोडणीच मिळत नसे, तेथे वाहिनी आल्यावर वायरमनला वर्षानुवर्षांचे काम मिळू शकते. सुतारकामालाही घरदुरुस्तीचा असाच अखंड कार्यक्रम जोडता येईल, आणि भिंतीच्या आतली कामे हिवाळ्यातही चालतात. तसे झाले तर वरच्या हिशेबातली दहा वर्षे निम्म्यावर येतील.

गुण द्यायचे तर ट्रेलर आणि हत्यारे यांना पाचपैकी साडेचार, शिक्षकांना पूर्ण पाच, अभ्यासक्रमाला तीन, वेळापत्रक आणि कार्यालयीन वागणुकीला दीड. प्रशिक्षणानंतरच्या सोबतीला गुण देता येत नाहीत, कारण ती सेवा दिलीच गेली नाही.

येत्या हिवाळ्यात हाच ट्रेलर प्लंबिंगसाठी पुन्हा मागवायचा की नाही, यावर कौन्सिलची चर्चा चालू आहे. मला विचारले तेव्हा मी मागवा म्हटले, पण करारात दोन कलमे घालून. एक, ट्रेलर अडकला तर किल्ली त्याच आठवड्यात गावात राहील; दोन, वर्ग संपल्यावर कॉलेजच्या खर्चाने एक जर्नीपर्सन निदान एक पूर्ण हंगाम गावात थांबेल, म्हणजे आणखी एकाची तरी नोंदणी होईल. पहिल्या कलमाला कॉलेजने होकार कळवला आहे. दुसऱ्यावर विचार चालू आहे, असे उत्तर आले. कोकुमच्या जिन्याची पायरी मोजणारी मुलगी आमच्याकडे नोंदवलेल्या दोघांपैकी एक आहे. हंगाम संपला तेव्हा तिच्या वहीत मी सही केलेले ६११ तास होते.